वाचकांचे प्रश्न : संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात जावे का?

संगणक सुरक्षेत नोकरी करावी का, त्यासाठी नेमके काय शिकावे, आपले वय किंवा शिक्षण आड येईल का, असे विचारणारी बरीच पत्रे गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आली आहेत. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला एथिकल हॅकर व्हायचे आहे. पुण्यातील एका खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा कोर्स असून त्याची फी दीड लाख रुपये आहे. 'शंभर टक्के प्लेसमेंट' मिळेल असे ते सांगतात. वडील शेतकरी आहेत आणि माझ्यासाठी कर्ज काढायला तयार आहेत. माझे इंग्रजी बेताचे आहे. मी हा कोर्स करावा का?

उत्तर : यासाठी वडिलांना कर्ज काढायला लावू नका. हे आधी लिहितो, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट तीच आहे. या विषयात पहिली दीड-दोन वर्षे जे शिकावे लागते ते जवळजवळ सगळे विनामूल्य उपलब्ध आहे आणि तुमच्या पदवीच्या अभ्यासाशी ते जुळणारेही आहे. तरीही त्या संस्थेचा विचार मनातून जात नसेल, तर तिला तीन गोष्टी लेखी विचारा : मागच्या तुकडीतील किती जणांना नोकरी लागली, कोणत्या पदावर लागली, आणि नोकरी न लागल्यास फी परत मिळते का. हार्डवेअर दुरुस्तीची किंवा दूरध्वनीवरून ग्राहकांच्या तक्रारी नोंदवण्याची नोकरीही 'प्लेसमेंट' म्हणून मोजता येते, हे लक्षात ठेवा. लेखी उत्तर द्यायला संस्था तयार नसेल, तर तेथे प्रवेश घेऊ नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एखाद्या कंपनीच्या परवानगीने तिच्या यंत्रणेवर हल्ला करून पाहणे आणि सापडलेल्या उणिवा तिला कळवणे, हे काम 'एथिकल हॅकर' या नावाने तरुणांपुढे मांडले जाते. नोकरीच्या बाजारात त्याला व्हीएपीटी किंवा पेनटेस्टिंग म्हणतात. हे काम खरे आहे आणि चांगलेही आहे, परंतु संगणक सुरक्षेच्या एकूण कामात त्याचा वाटा लहान आहे आणि त्याच्या दारातली रांग मात्र सर्वांत मोठी आहे. या क्षेत्रातील बहुतेक माणसे राखणीचे काम करतात. कोणी फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारी व्यवस्था) आणि नेटवर्क सांभाळतो, कोणी चोवीस तास चालणाऱ्या देखरेख कक्षात, म्हणजे 'सॉक'मध्ये बसून अलर्ट तपासतो, कोणी हजारो संगणकांवर पॅच (सॉफ्टवेअरमधील त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या) वेळेवर बसले की नाही हे पाहतो, कोणाला कोणत्या फाइलपर्यंत पोहोचता यावे याचे नियम कोणी ठरवतो, तर कोणी घटना घडून गेल्यावर हार्डडिस्क आणि लॉग (यंत्रणेने आपोआप ठेवलेल्या नोंदी) तपासून काय झाले ते शोधतो.

या राखणीच्या कामाला कमी लेखू नये, म्हणून एक घटना सांगतो. जून २०१७ मध्ये न्हावा-शेवाच्या बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. कारण निघाले ते युक्रेनमध्ये. तेथील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नोटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्राम पसरला होता आणि त्याने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक निकामी केले होते. न्हावा-शेवाचे ते टर्मिनल याच समूहाच्या कंपनीकडे होते. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे त्या कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले. नोटपेट्याने पसरण्यासाठी विंडोजमधील जी त्रुटी वापरली, तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच पॅच दिला होता, आणि त्याच त्रुटीच्या आधारे मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने जगभर हाहाकार माजवून इशाराही देऊन ठेवला होता. शिवाय हा प्रोग्राम एका संगणकाच्या मेमरीत राहिलेले पासवर्ड उचलून पॅच केलेल्या संगणकांतही शिरत होता. म्हणून वेळेवर पॅच लावणे, सर्व यंत्रांवर एकच ॲडमिन पासवर्ड न ठेवणे, नेटवर्कचे भाग एकमेकांपासून वेगळे करणे आणि मुख्य यंत्रणेपासून तोडून ठेवलेला बॅकअप अधूनमधून खरोखर परत भरून पाहणे, या चार कामांना मी सुरक्षेचा गाभा मानतो. त्यांत चित्रपटात दाखवण्यासारखे काही नाही, पण बंदर चालू राहते ते त्यांच्यामुळे.

शिकण्याचा क्रम मी असा सुचवीन : आधी नेटवर्किंग आणि लिनक्स, त्यांच्या बरोबरीने पायथन, मग डेटाबेस आणि वेब, आणि त्यानंतरच हल्ल्यांची साधने. क्रम उलटा केला की काय होते, ते एका उदाहरणावरून पाहा. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेवरून नाव पडलेल्या एसक्यूएल इंजेक्शन या प्रकारच्या हल्ल्याचे पहिले जाहीर वर्णन १९९८ मध्ये झाले, आणि तरीही वेबवरील प्रमुख धोक्यांची जी यादी ओवास्प ही संस्था काढते, तीत २०१७ मध्ये इंजेक्शन पहिल्या स्थानावर होते आणि २०२१ मध्ये तिसऱ्या. लॉगिनच्या चौकटीत वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर प्रोग्रामरने थेट क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाच्या, वाक्यात जोडला, तर तो मजकूर नुसती माहिती न राहता डेटाबेसला दिलेली आज्ञा बनू शकतो, हे या हल्ल्याचे मर्म आहे. ज्या विद्यार्थ्याने स्वतः एखादे लॉगिनचे पान लिहून डेटाबेसला जोडले आहे, त्याला ही गोष्ट लगेच उमगते, आणि क्वेरीचा साचा व वापरकर्त्याचा मजकूर वेगवेगळे पाठवावेत हा उपायही त्याला समजतो. जो फक्त एखादे तयार साधन चालवायला शिकला आहे, तो पडद्यावर आलेली यादी दाखवू शकतो, पण 'हे का घडले आणि प्रोग्रामरने नेमकी कोणती ओळ बदलावी?' असे मुलाखतीत विचारले की थांबतो. सहा महिन्यांत 'हॅकिंग' शिकवू म्हणणाऱ्या बऱ्याच कोर्सेसमधून हाच दुसरा विद्यार्थी बाहेर पडतो, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्याच्या कष्टांत काही कमी नसते.

साधनांविषयी थोडे. लिनक्सची आज्ञावली हाताखाली यावी म्हणून 'ओव्हर द वायर' या संकेतस्थळावरील 'बँडिट' हा खेळ पहिल्या पायरीपासून खेळा. वायरशार्क हे विनामूल्य साधन बसवा आणि ब्राउझरमध्ये एक पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंत आपल्या संगणकातून काय काय बाहेर जाते व आत येते, ते सावकाश वाचा. डीएनएसची विचारणा, टीसीपीची जोडणी, प्रमाणपत्राची देवाणघेवाण हे सारे पुस्तकात वाचलेले असते, पण स्वतःच्या पडद्यावर एकेक पॅकेट उलगडून पाहिले की ते आपलेसे होते. वेबसाठी पोर्टस्विगर या कंपनीची 'वेब सिक्युरिटी अकॅडमी' उत्तम आणि विनामूल्य आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाची 'पिकोसीटीएफ' ही स्पर्धा विद्यार्थ्यांसाठीच आहे आणि तिचे जुने प्रश्नही सोडवता येतात. आठ जीबी मेमरीचा साधा लॅपटॉप असला, तर त्यात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक, उभे करून, मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या 'ज्यूस शॉप'सारख्या प्रणालीवर कोणाचेही नुकसान न करता सराव करता येतो. 'नल' या नावाचा भारतीय सुरक्षातज्ज्ञांचा खुला गट पुणे-मुंबईत सभा भरवतो आणि त्या विनामूल्य असतात. सुटीत पुण्याला जाणे झाले, तर अशा एका सभेला जरूर जा. नोकरीत असलेली माणसे कशाबद्दल बोलतात ते तेथे ऐकायला मिळेल.

प्रमाणपत्रांचा विचार नंतर करा. सीईएच (सर्टिफाइड एथिकल हॅकर) हे नाव मनुष्यबळ विभागांना परिचित आहे, म्हणून जाहिरातींत ते दिसते. ओएससीपी या पेनटेस्टिंगच्या प्रमाणपत्र-परीक्षेला तांत्रिक माणसे अधिक मानतात, कारण तिच्यात पावणेचोवीस तासांची प्रत्यक्ष परीक्षा असते आणि त्यानंतरच्या चोवीस तासांत सविस्तर अहवाल लिहून द्यावा लागतो. पण तिचा खर्च दीड हजार डॉलरांहून अधिक आहे. ती नोकरी लागल्यावर, शक्य तर कंपनीच्या खर्चाने द्यावी. पदवीनंतर पुढे शिकायचे असेल, तर पुण्याच्या सी-डॅकमध्ये सुरक्षेचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. त्याचा प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून होतो, आणि पात्रतेच्या अटी त्या वर्षीच्या पत्रकात नीट वाचून घ्याव्यात. तपासाच्या बाजूची ओढ असेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था, तसेच गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ यांच्याकडे पाहावे. त्या विद्यापीठाचे एक आवार गोव्यात फोंड्यालाही आहे.

इंग्रजीची भीती मात्र मनातून काढून टाका. या कामात फाडफाड बोलता येण्यापेक्षा नीट वाचता येणे आणि साधे, अचूक लिहिता येणे महत्त्वाचे असते. आजपासून एक सवय लावा. सोडवलेल्या प्रत्येक प्रश्नावर एक पान लिहा : काय दिसले, काय करून पाहिले, काय झाले, उपाय कोणता. आधी मराठीत लिहिलेत तरी चालेल, मग तेच सोप्या इंग्रजीत उतरवा. पदवी हातात येईपर्यंत अशी शंभरेक पाने गिटहब या आपले काम सर्वांना पाहता येईल असे ठेवण्याच्या संकेतस्थळावर जमली, तर मुलाखतीला जाताना तुमच्याजवळ कोणत्याही सहा महिन्यांच्या कोर्सच्या कागदापेक्षा अधिक वजनदार काहीतरी असेल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. महाविद्यालयाच्या निकालाच्या संकेतस्थळावर माझी गुणपत्रिका उघडली असताना, पत्त्याच्या शेवटी असलेला क्रमांक बदलला तर दुसऱ्याच विद्यार्थ्याची गुणपत्रिका दिसली. प्राचार्यांना सांगावे असे वाटते, पण मित्र म्हणतात की तूच अडकशील. याचा करिअरसाठी काही उपयोग होईल का?

उत्तर : तुमचा हेतू चांगला आहे, हे पत्रावरून दिसते. म्हणूनच सर्वप्रथम सांगतो की आता यापुढे एकही क्रमांक बदलून पाहू नका. 'किती गुणपत्रिका उघडतात ते तरी बघू' म्हणून छोटासा प्रोग्राम लिहून त्या उतरवून घेणे, ही या टप्प्यावर अनेक हुशार मुलांच्या हातून होणारी कृती आहे, आणि तीच पुढे त्यांच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभी राहते. त्रुटी सिद्ध करायला तुम्ही पाहिलेली एक गुणपत्रिका पुरेशी आहे. मित्रांना ती युक्ती दाखवू नका आणि त्या विद्यार्थ्याचे नाव व गुण कोणाजवळही बोलू नका.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ प्रमाणे, मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणक यंत्रणेत प्रवेश करणे किंवा तेथील माहिती उतरवून घेणे यासाठी नुकसानभरपाई मागता येते. हीच कृती अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केली असेल, तर कलम ६६ लागू होते आणि तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हेतू प्रामाणिक असला तर ६६ लागू होण्याचे कारण नाही, परंतु ४३ मध्ये परवानगीचा मुद्दा उरतोच. तुम्ही चुकून एक पान पाहिले आणि लगेच थांबलात, ही स्थिती वेगळी, आणि माहीत झाल्यावर पाचशे पाने पाहिलीत, ही स्थिती वेगळी.

आता कळवायचे कसे? तुमचा विश्वास असलेल्या एखाद्या प्राध्यापकांना आधी भेटा, आणि त्यांच्या सल्ल्याने प्राचार्यांना अथवा संगणक विभागप्रमुखांना अर्धे पान लिहा. कोणत्या तारखेला काय दिसले, ते कसे दिसले, आपण त्यानंतर काही केलेले नाही, आणि आपल्या मते दोष काय आहे, एवढेच त्यात असावे. दोष असा सांगता येईल : सर्व्हर 'हा विद्यार्थी लॉगिन झाला आहे का' एवढेच पाहतो, 'ही गुणपत्रिका याचीच आहे का' हे पाहत नाही. ओवास्पच्या २०२१ च्या यादीत नेमका हाच प्रकार, म्हणजे प्रवेशाच्या नियंत्रणातील ढिलाई, पहिल्या क्रमांकावर आहे, तेव्हा तुमचे महाविद्यालय काही एकटे नाही. पत्रात बक्षीस मागू नका, 'अमुक दिवसांत दुरुस्त केले नाही तर जाहीर करीन' असे लिहू नका. अशी मुदत अनुभवी संशोधक देतात, पण त्यांच्यामागे संस्था आणि वकील असतात. महाविद्यालयाने दाद दिली नाही, तर सर्ट-इन या केंद्र शासनाच्या संस्थेला कळवता येते. त्रुटींची माहिती स्वीकारून संबंधितांशी समन्वय साधणे हा तिच्या कामाचाच भाग आहे.

करिअरच्या दृष्टीने उपयोग आहे, पण तो या संकेतस्थळावरून नाव कमावण्यात नाही. वेबवरील त्रुटी कळवणाऱ्यांना बक्षीस देण्याच्या, गूगलने २०१० मध्ये सुरू केलेल्या योजनेसारख्या अनेक योजना आज चालू आहेत. हॅकरवन आणि बगक्राउड या मंचांवर कंपन्या स्वतःहून सांगतात की आमची अमुक संकेतस्थळे तपासा, अमुक प्रकारे तपासा, आणि अमुक ठिकाणी हात लावू नका. ती हद्द शब्दशः वाचून पाळणे, हाच या व्यवसायातील पहिला धडा आहे. नोकरीतही असेच असते. चाचणी सुरू होण्यापूर्वी ग्राहकाच्या सहीचे पत्र लागते, त्यात कोणती यंत्रणा, कोणते दिवस आणि कोणत्या वेळा हे लिहिलेले असते, आणि त्या पत्राशिवाय कोणीही जबाबदार तपासनीस कीबोर्डला हात लावत नाही. तुमच्या हाती आलेली त्रुटी ओळखण्याएवढी नजर तुम्हाला आहे. तिला परवानगी असलेल्या मैदानात वळवा.

प्रश्न : मी कोल्हापूर भागातील एका नागरी सहकारी बँकेत बारा वर्षे सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर आहे. वय ३६. सायबर सुरक्षेकडे वळायला आता उशीर झाला आहे का? आमचे काही संचालक म्हणतात की आपल्यासारख्या लहान बँकेवर कोण हल्ला करणार?

उत्तर : आपल्या संचालकांच्या प्रश्नाचे उत्तर २०१८ मध्येच मिळालेले आहे, आणि तेही आपल्यापासून फार लांब नाही. पुण्याची कॉसमॉस बँक ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे शनिवारी, दुपारनंतरच्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून तिच्या कार्डांच्या नकला वापरून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतातील एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले, आणि १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेच्या मार्गाने १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात पाठवले गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर. एटीएमकडून आलेली विचारणा बँकेच्या कोअर बँकिंग, म्हणजे खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या, प्रणालीपर्यंत पोहोचूच दिली नव्हती. मध्ये उभा केलेला बनावट स्विच (एटीएमची विचारणा बँकेपर्यंत नेणारी यंत्रणा) परस्पर मंजुरी देत होता, त्यामुळे खात्यात शिल्लक आहे की नाही हे कोणी तपासलेच नाही. हल्लेखोर बँक लहान की मोठी हे पाहत नाहीत, कोणते दार ढकलल्यावर उघडते ते पाहतात.

रिझर्व्ह बँकेनेही हे ओळखले आहे. नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये पायाभूत सायबर सुरक्षा चौकट आली, आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकेच्या डिजिटल व्याप्तीनुसार चार स्तरांची अधिक सविस्तर चौकट आली. त्याशिवाय सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. ही सगळी कामे करायला माणसे हवीत, आणि महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकांची संख्या देशात सर्वाधिक आहे. म्हणून मला असे वाटते की आपली संधी पुण्या-बंगळूरच्या मोठ्या कंपनीत जितकी आहे, तितकीच आपण बसता त्या खुर्चीतही आहे.

उशीर मुळीच झालेला नाही. उलट, आपल्याजवळ जे आहे ते कोणत्याही कोर्समधून मिळत नाही : एक यंत्रणा रोज कशी चालते याची बारा वर्षांची ओळख. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला असे दिसले की त्याच्या चाचणीच्या यंत्रावर एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने) लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. तो सुरक्षातज्ज्ञ नव्हता, डेटाबेसवर काम करणारा होता. पण या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा करत तो एक्सझेड नावाच्या, असंख्य लिनक्स यंत्रणांत असलेल्या छोट्या घटकापर्यंत पोहोचला, आणि त्यात कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करून चोरवाट पेरल्याचे उघड झाले. ती मुख्य लिनक्स वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत पोहोचण्यापूर्वीच पकडली गेली. नेहमीचे काय ते ज्याला पक्के ठाऊक असते, त्यालाच वेगळे काही घडल्याची चाहूल लागते. रात्री बॅकअपला किती वेळ लागतो, सोमवारी सकाळी सर्व्हरवर किती भार असतो, कोणती शाखा कोणत्या वेळी जोडली जाते, हे आपल्याला तोंडपाठ असेल. ते आता लिहून काढा.

कामाला सुरुवात बँकेतच करा. बँकेच्या प्रत्येक संगणकाची, सर्व्हरची आणि बाहेरून जोडल्या जाणाऱ्या व्हेंडरची यादी करा. अनेक ठिकाणी ती अद्ययावत नसते, आणि जे आपल्याकडे आहे हेच माहीत नाही त्याचे रक्षण कसे करणार? जुन्या कर्मचाऱ्यांची चालू राहिलेली खाती बंद करा. एखाद्या रविवारी व्यवस्थापनाच्या संमतीने बॅकअप दुसऱ्या यंत्रावर पूर्ण भरून पाहा आणि त्याला लागलेला वेळ संचालकांपुढे ठेवा. हे करता करता आयएसओ २७००१ या माहितीच्या सुरक्षेच्या मानकाचा अभ्यास करावा आणि नंतर सीआयएसएसपी या सुरक्षेच्या प्रमाणपत्र-परीक्षेचा विचार करावा. तिला सुरक्षेच्या ठरवलेल्या विषयांतील पाच वर्षांचा अनुभव लागतो, आणि नेटवर्क व प्रवेशाधिकार सांभाळण्याचे आपले काम त्यात बऱ्याच अंशी धरले जाऊ शकते.

प्रश्न : माझ्या मुलीला पुण्यातील एका कंपनीत सॉक ॲनालिस्ट म्हणून पहिली नोकरी मिळाली आहे. आम्ही नागपूरला राहतो. आठवड्याआड रात्रपाळी आहे. तिने हे काम घ्यावे का? शिवाय हे काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता करील, असे ऐकतो.

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. देखरेख कक्ष चोवीस तास चालतो, त्यामुळे सुरुवातीच्या पदांवर रात्रपाळी टळत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्रियांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम द्यायचे असेल, तर त्यांची संमती, कामाच्या जागी पुरेशी सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत वाहन ही मालकाची जबाबदारी आहे. कंपनीची ही व्यवस्था कशी आहे ते मुलीने रुजू होण्यापूर्वीच विचारावे. असे विचारण्यात संकोच मानू नये.

काम घ्यावे असे माझे मत आहे, मात्र त्या पहिल्या पायरीवर तिने दीड-दोन वर्षांपेक्षा जास्त थांबू नये. दिवसाला शेकडो अलर्ट पाहून त्यांतील बहुतेक निरुपद्रवी म्हणून बंद करायचे, यात मन लवकर थकते. हल्ली अलर्टची पहिली चाळणी यंत्रेच करू लागली आहेत, हे आपण ऐकले ते खरे आहे. म्हणून तिने प्रत्येक पाळीत निदान एक अलर्ट पुढे नेऊन, तो का वाजला आणि खरा हल्ला असता तर पुढे काय दिसले असते, हे स्वतः शोधावे. अशा सवयीतून घटनेच्या तपासाचे काम येते, आणि त्या कामात अजून माणसाच्या निर्णयाला पर्याय नाही. झोपेची वेळ आणि जेवण यांकडेही तिने लक्ष द्यावे. आपणही फोन करताना तिची पाळी पाहून करावा.

प्रश्न : मी ठाण्याला राहते. बी.कॉम. झाले आहे आणि एका सीए फर्ममध्ये ऑडिटचे काम करते. प्रोग्रामिंग येत नाही. या क्षेत्रात माझ्यासारखीला जागा आहे का?

उत्तर : आहे, आणि ती दुय्यम नाही. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. तो शोधण्याचे काम क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाकडे आले. एवढीशी रक्कम सोडून देता आली असती, पण त्यांनी तिचा माग काढला आणि त्यातून जर्मनीतील हॅनोव्हर येथून अमेरिकी लष्करी संगणकांत शिरणारा हेर सापडला. ताळा जुळत नाही म्हणून अस्वस्थ होणारी माणसे या क्षेत्राला हवीच असतात, आणि आपण रोज तेच काम करता.

आपल्याला जुळणाऱ्या शाखेला जीआरसी म्हणतात. धोरणे तयार करणे, जोखीम मोजणे, कंपनी नियम पाळते की नाही हे पुराव्यानिशी तपासणे, असे तिचे स्वरूप आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे या कामाकडे आता संचालक मंडळेही लक्ष देऊ लागली आहेत. आपण सीआयएसए या माहिती-यंत्रणांच्या ऑडिटच्या परीक्षेची तयारी करावी. परीक्षा आधी देऊन लागणारा अनुभव नंतर पाच वर्षांत पूर्ण करता येतो, आणि ऑडिटच्या अनुभवाला तेथे काही अंशी सूटही मिळते. प्रोग्रामिंग नाही आले तरी चालेल, पण नेटवर्क म्हणजे काय, डेटाबेसमधील नोंद कोण बदलू शकते, लॉग कोठे साठतो आणि तो पुसणे कोणाच्या हाती आहे, एवढे समजलेच पाहिजे. नाहीतर समोरच्याने 'सगळे ठीक आहे' म्हटले की चौकटीत बरोबरची खूण करण्यापलीकडे काही उरत नाही, आणि अशा ऑडिटने कोणाचेच रक्षण होत नाही. एसक्यूएलची साधी क्वेरी लिहायला मात्र जरूर शिकावे. महिन्याभरात ते जमते, आणि मग ग्राहकाने काढून दिलेल्या अहवालावर न विसंबता मूळ नोंदी आपल्या आपण तपासता येतात.

आपल्या फर्मकडे बँकांची किंवा पतसंस्थांची ऑडिट येत असतील, तर पुढच्या खेपेला माहिती-तंत्रज्ञानाचा भाग कोण तपासणार आहे हे आपल्या वरिष्ठांना विचारा, आणि त्या व्यक्तीबरोबर बसून काम करण्याची परवानगी मागा.